खडे राहिलेलं आळं

त्या वर्षी ऊन उशिरा आलं, आणि आलं तेही पाहुण्यासारखं. घटकाभर अंगणात टेकायचं, इकडेतिकडे बघायचं आणि उठून जायचं. छपराखाली ओल्या कौलांच्या रांगा लागलेल्या आणि वाळायचं नाव कुणी घेत नव्हतं. कौलवाला रोज सकाळी जाऊन एखाद्या कौलावर अंगठा दाबून बघायचा. अंगठ्याचा ठसा उठायचा. तो ठशाकडे बघायचा, अंगठा धोतराला पुसायचा आणि बाहेर यायचा. त्यावरून घरातल्यांना कळायचं की आजही भट्टी नाही.

दवाखान्याच्या नव्या इमारतीचं छप्पर त्याच्याकडे होतं. इतकं मोठं काम त्या घराकडे आजवर कधी आलं नव्हतं. इमारतीचा मुकादम आठवड्यातून एकदा फेरी मारायचा आणि उभ्याउभ्या सांगून जायचा, की कौलं वेळेवर आली नाहीत तर पत्रा टाकून मोकळा होईन, मला काय. कौलवाला मान हलवायचा.

घरात चौघं. कौलवाला माती खणायचा आणि भट्टी लावायचा. त्याची बहीण नवरा गेल्यापासून इथंच होती. ती साच्यावर बसायची. तिच्या हाताखालून निघालेलं कौल दुसऱ्या कौलाला चुलत भाऊही वाटू नये, सख्खाच वाटावा, इतकं सारखं. जिभेला मात्र हाड नव्हतं. मुलगी तिला आत्या म्हणायची, म्हणून सगळी आळीच तिला आत्या म्हणायची. कौलवाल्याच्या बायकोनं वीस वर्षं माती तुडवली. मग तिचे गुडघे गेले आणि मुलगी आळ्यात उतरली. मुलीच्या काटकुळ्या पायांवरून लोकांनी तिचं नाव टिटवी पाडलं होतं, आणि ते तिला इतकं चिकटलं की खरं नाव शाळेच्या दाखल्यात राहिलं.

आळं म्हणजे अंगणाच्या कोपऱ्यातलं, कमरेएवढ्या भिंतीचं गोल कुंपण. आदल्या संध्याकाळी भिजवलेली माती सकाळी त्यात पसरायची आणि पायांनी तुडवायची. कडेपासून सुरुवात करायची, टाच आधी रोवायची, मग चवडा. पुढचं पाऊल मागच्याच्या अर्ध्यावर. असं फिरत फिरत मधोमध यायचं आणि तसंच उलटं कडेला जायचं. हे कुणालाही जमतं. खरं काम निराळं. मातीत खडे असतात. करडे खडे फारसं बिघडवत नाहीत, पण चुनखडीचा पांढरा खडा, मग तो मटाराएवढा का असेना, कौलात राहता कामा नये. तो आगीत गप्प बसतो. भट्टीतून कौल सुरेख, धडधाकट निघतं. मग दोनचार दिवसांनी हवेतली ओल पिऊन तो आत फुगतो आणि कौलाचं पोट फोडून बाहेर येतो.

म्हणून आळ्याचा नियम एकच. पायाला खडा लागला की थांबायचं. वाकून तो काढायचा, भिंतीबाहेर टाकायचा आणि मगच पुढचं पाऊल. दोन पावलांनंतर काढू म्हटलं की माती त्याला गिळते आणि मग तो सापडत नाही. टिटवी सात वर्षांची असताना आईनं तिला हे शिकवलं. चिखलात खडे लपवून ठेवायची आणि पोरीला फिरायला लावायची. सुटलेल्या खड्यावरून पाऊल पुढे गेलं की आळं पुन्हा पहिल्यापासून. वर्षभरात असं झालं की पोरगी शाळेच्या वाटेवर चालतानाही मध्येच थांबून चपलेतला कण काढायची.

नाच तिच्या आयुष्यात शिरला तो कौलांमुळेच. अकरा वर्षांची असताना ती बाबांबरोबर बाजारगावात फुटक्या कौलांच्या जागी नवी द्यायला गेली. धान्याच्या गोदामावर एक लांबलचक खोली होती आणि तिथं एक बाई मुलींना नाच शिकवत होत्या. बाबा छपरावर चढले आणि ही दारात उभी राहिली. पोटऱ्यांवर वाळलेला चिखल तसाच. थोड्या वेळानं बाईंना दाराकडून ठेका ऐकू आला. बघतात तर ही पोर उंबऱ्याबाहेर आपल्याच नादात पाय आपटतेय, आणि एकही पाऊल पुढेमागे नाही. कुठं शिकलीस म्हणून विचारलं तर म्हणाली, चिखलात.

त्याला आठ वर्षं झाली. आठवड्यातले तीन दिवस, आळं संपलं की पाय धुवायचे आणि सायकल हाणायची. बाईंनी फी म्हणून छपराची डागडुजी तेवढी मागितली. आई एकदा बघायला गेली होती. मुली भिंतीला धरून तासभर गुडघे वाकवत आणि सरळ करत होत्या. एकच गोष्ट, तासभर. ते आईला कळलं. तासभर एकच गोष्ट करणं म्हणजे काम, हे तिला कुणी सांगायला नको होतं. कळलं नाही ते एवढंच, की तास संपल्यावर तिथं काहीच उरलेलं नव्हतं. माती तुडवली की गोळा होतो, साच्यावर बसलं की कौल होतं. इथं मुली घामाघूम होऊन गेल्या आणि फरशी होती तशीच. मग एवढं सगळं गेलं कुठं? परतीच्या वाटेवर तिनं हे विचारलं तेव्हा टिटवी सायकल हातात धरून चालत होती, ती म्हणाली, “मलाही नाही माहीत गं आई. पण जातं कुठंतरी.”

कौलं वाळत नव्हती त्याच दिवसांत एका दुपारी बाई स्वतः घरी आल्या. मोठ्या शहरात एक नामांकित मंडळी होती. बारा महिने गावोगाव जाऊन नाचायचं, हाच त्यांचा धंदा. त्यांना एक मुलगी हवी होती. एकच. बाई म्हणाल्या, माझ्या हातून आजवर अशी दुसरी गेलेली नाही, हिला परीक्षेला पाठवा, नाही म्हणू नका.

चहा झाला आणि बाई गेल्या. आत्या साच्यातून हात न काढता म्हणाली, “पाठवा की. तेवढ्यात आपण कौलांनाही नाचायला लावू, म्हणजे वाळतील.” मग थोड्या वेळानं, जरा वेगळ्या आवाजात, ती म्हणाली की मलाही कुणी विचारलं असतं तर मी नाचले असते, पण मला आयुष्यभर लोकांनी एवढंच विचारलं, चिखल झाला का.

कौलवाल्यानं दवाखाना, मुकादम, आभाळ अशी तिन्हींची नावं घेतली. पोरगी गेली तर आळ्यात कोण उतरणार, हे मात्र तो बोलला नाही. त्याची नजर बायकोच्या गुडघ्यांवर गेली आणि तिथून ती त्यानं लगेच काढून घेतली. बायकोला ते दिसलं. ती म्हणाली, “एका दिवसाचा तर प्रश्न आहे. मीही जाते बरोबर. मला बघायचंच आहे, तिथं काय करतात ते.”

परीक्षेला चौदा मुली होत्या. आयांना आणि बापांना भिंतीलगत बाकावर बसवलं होतं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही असं बजावलं होतं. आईनं मनात देवाचं नाव घेतलं आणि मग डोळे भरून सगळं बघून घेतलं. लाकडी जमीन, चालून चालून मधोमध काळपट झालेली. कोपऱ्यात ढोल. मुली एकेक करून एका डब्यात पाय घालून तळव्यांना कसली तरी पांढरी पूड लावत होत्या. तिनं त्यांचे चेहरे बघितलेच नाहीत. टाचा बघितल्या. कुणाची टाच बाहेरून झिजलीये, कुणाचा अंगठा आत वळलाय, हे ती बसल्याजागी वाचत गेली, आणि चौदांपैकी किती मुलींचे पाय दुखत असतील हे तिला नाच सुरू होण्याआधीच कळलं.

मंडळीचे मास्तर म्हणजे एक वाळकुडे म्हातारे गृहस्थ. खांद्यावर पंचा, हातात काठी. स्टुलावर बसून ते काठीनं जमिनीवर ताल द्यायचे आणि मुलीचं नाचून संपलं की फक्त म्हणायचे, “बस जा.” चांगलं झालं की वाईट, ते कळायचं नाही.

टिटवी नववी. ढोल सुरू झाला आणि आई बाकाच्या काठावर आली. आपली पोर पुरी नाचताना तिनं आजवर बघितलीच नव्हती. अंगणात कधी दोन पावलं दाखवायची आणि लाजून पळायची तेवढंच. आता ती कडेपासून गोल फिरत आत आली तशी आईला ओळखीचं काही दिसलं. टाच आधी, मग चवडा. पुढचं पाऊल मागच्याच्या अर्ध्यावर. आळंच होतं ते. पण आळ्यात पाय रुततो आणि उपसावा लागतो. इथं तो रुतत नव्हता, म्हणून वाचलेला सगळा जोर अंगात वर चढत होता, कमरेतून खांद्यांत, खांद्यांतून बोटांच्या टोकांपर्यंत. असं होतं तर, असं आई मनाशी म्हणाली. शेजारचा बाप गुडघ्यावर बोटं वाजवायचा थांबला होता. मास्तरांची काठी हळू झाली होती.

आणि ऐन मध्यावर टिटवी थांबली.

दचकून नव्हे, चुकून नव्हे. सरळ थांबली, वाकली, पायाखालून काहीतरी उचललं, भिंतीबाहेर टाकायला हात उगारला, इथं आळ्याची भिंत नाही हे लक्षात आलं तशी ते मुठीत धरलं आणि पुढच्या ठेक्याला पाऊल टाकून पुन्हा नाचायला लागली. पण ढोलवाल्यानं हात उचलला होता. ओळीत बसलेल्या मुलींमध्ये हसू पसरलं. एक तर तोंडावर ओढणी धरून वाकली.

मास्तरांनी तिला जवळ बोलावून मूठ उघडायला लावली. कुणाच्या तरी झग्याचा गळालेला मणी होता, मोहरीहून थोडा मोठा.

“का थांबलीस?”

“पायाखाली आलं होतं.”

“न काढता नाचता आलं नसतं?”

टिटवीनं बाकाकडे बघितलं. बजावलेलं सगळं आई क्षणभर विसरली. बसल्याजागीच म्हणाली, “नाही चालत ते, मास्तर. आत राहिलं की फुटतं.”

“काय फुटतं?”

“कौल.”

आता हसू लपवायचीही कुणी तसदी घेतली नाही. आईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मास्तर मात्र हसले नाहीत. ते उठले, गुडघ्यावर हात टेकत टिटवीच्या पायांशी बसले आणि तिचा तळवा उलटा करून घोड्याचा खूर बघावा तसा बघितला. मग त्यांनी आईला कौलाचं काय ते विचारलं आणि आळ्याचं कळलं तसे आणखी विचारत गेले. माती किती भिजवता, किती वेळ तुडवता, खडा कुठल्या भागाला आधी कळतो. आईला वाटलं होतं चेष्टा असेल, पण माणूस मनापासून विचारत होता, तशी तिनंही मनापासून सांगितलं. टाचेला कळत नाही, चवड्याला कळतो.

शेवटी ते टिटवीला म्हणाले की असे पाय मला या खोलीत बसून बनवता आले नसते. पण इथं रांगेत आणखी आठजणी असतात. तू थांबलीस की आठही एकमेकींवर आपटणार, आणि समोर बसलेल्या लोकांना ते दिसणार. “दोन महिने उमेदवारी कर. थांबणं गेलं तर राहशील. नाही गेलं तर माझ्याकडे इलाज नाही.”

टिटवी उमेदवारीला शहरातच राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई आळ्यात उतरली. भिंतीला धरून एक पाय टाकला, मग दुसरा, आणि थंड चिखल पोटरीपर्यंत आला तेव्हा तिला वाटलं, जमेल. दहा फेऱ्यांनंतर गुडघ्यात कुणी सुरी फिरवतंय असं झालं. ती भिंतीला टेकायची, श्वास घ्यायची, पुन्हा निघायची. कौलवाला संध्याकाळी फडक्यात गरम वीट बांधून आणायचा आणि गुडघ्याशी ठेवून निघून जायचा. त्याचं बोलणं एवढंच.

आत्यानं आठ दिवस साच्यावरून हे बघितलं. वहिनी म्हातारी होईपर्यंत हे आळं व्हायचं नाही, असं दिवसातून चारदा ऐकवलं. नवव्या दिवशी हात धुतले, कपडे गुडघ्यापर्यंत खोचले आणि धप्पकन आळ्यात उडी घेतली. चिखल आईच्या तोंडावर उडाला. आत्याला चिखलाची सवय हातांची, पायांची नव्हे. चार पावलांत ती बसली. बसल्याबसल्या म्हणाली, “हसा, वहिनी, हसा. पोरगी तिकडं उभ्यानं नाचतेय, मी इकडं बसून नाचते.” दोघी इतक्या हसल्या की भट्टीपाशी गेलेला कौलवाला माघारी आला. त्या दिवसापासून अर्धं आळं आत्याचं झालं. खडे मात्र आईच शोधायची. आत्याला खडा लागला तरी तो चिखलाचा गोळाच वाटायचा.

ऊन हळूहळू बसायला लागलं. दोन भट्ट्या निघाल्या. महिना झाला आणि एका संध्याकाळी टिटवी एका दिवसाच्या सुट्टीवर आली.

आई तिच्याकडे बघतच राहिली. पोरगी जमिनीवर बसली तरी पाठ ताठ. चालताना खाली बघत नव्हती. एका अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. जेवताना तिनं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. पहिल्या दिवसापासून मास्तर तालमीला जमिनीवर मूठभर वाळके वाटाणे फेकायचे. बाकीच्या मुली त्यावरून नाचायच्या. ही थांबायची. ही थांबली की सगळी रांग पुन्हा पहिल्यापासून. मास्तर रागावायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, पुन्हा. चाळीस वेळा पुन्हा झालं की मुली हिच्याकडे बघेनाशा व्हायच्या. पंधरा दिवस तिच्याजवळ जेवायला कुणी बसलं नाही. एकीनं तिचं नाव वेचणारी ठेवलं.

“आता?” आईनं विचारलं.

“आता पाय नाही थांबत.” टिटवी विचार करत म्हणाली. “पण वाटाणा लागला की आत काहीतरी अडखळतं. मास्तरांना ते दिसतं. ते म्हणतात, तू थांबत नाहीस, पण ते ठरवून.”

सकाळी आई उठली ती भिंतीला धरून. टिटवीनं ते बघितलं. आई आळ्याजवळ येते तो पोरगी आत उतरलेली. तू बस, म्हणाली, मला एकच दिवस तर आहे. आई उंबऱ्यात बसून राहिली. काय बघावं, असं ते तुडवणं होतं. मान वर, हात अंगापासून सुटे, फेरीमागून फेरी एका लयीत, कुठं खंड नाही. ऊन चढायच्या आत आळं झालं. पोरगी बोलत होती, हसत होती, आत्याला पावलं शिकवत होती. त्या सबंध आळ्यात ती एकदाही वाकली नाही. या वेळी माती बिनखड्याची लागलेली दिसते, असं आईच्या मनात येऊन गेलं. दुपारच्या गाडीनं टिटवी परत गेली.

त्या मातीची कौलं सगळ्या भट्ट्यांत देखणी निघाली. कौलवाल्यानं एकेक बोटानं वाजवून रचली. मुकादमाची गाडी दोन दिवसांनी यायची होती. दुसऱ्या दिवशी आभाळ पुन्हा भरून आलं आणि दमट वारा सुटला. दुपारी आत्या साचा घासत बसली होती. रचलेल्या कौलांकडून टक् असा आवाज आला. तिनं मान वर केली. थोड्या वेळानं पुन्हा टक्. पाखरू चोच मारतंय म्हणावं तर पाखरू नव्हतं.

तिनं वरचं कौल उचलून आणलं. मध्यावर नखाएवढी खपली उडाली होती आणि खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका होता. संध्याकाळपर्यंत तो आवाज चालूच राहिला. कुठल्या कौलात खडा आहे नि कुठल्यात नाही, हे वरून कुणाला सांगता येणार? आज साबूत दिसणारं छपरावर चढल्यावर फुटलं, तर खाली खाटेवर रोगी. म्हणजे सगळी भट्टीच गेली.

कौलवाला ढिगाजवळ उभा होता. आत्यानं विचारलं, “वहिनी, ही माती कुणाच्या पायाची?” तिला ठाऊक होतं. तरी विचारलं.

“माझ्या,” आई म्हणाली.

आत्यानं तिच्याकडे बघितलं. “गुडघे गेलेत तुमचे. पाय नाही गेला. तुमच्या पायाखालून खडा सुटेल होय?” पुढे ती काही बोलली नाही. आत्या काही बोलली नाही, यावरूनच कौलवाल्याला काय ते कळलं. तो ढिगाला वळसा घालून गेला आणि दुसऱ्या दिवशीच्या मातीसाठी कुदळ घेऊन बाहेर पडला.

मुकादमानं अर्ध्या छपराला पत्रा टाकला. उरलेल्या अर्ध्याचं काम दिलं, ते उपकार केल्यासारखं.

आई ते फुटकं कौल मांडीवर घेऊन बसली. राग यायला हवा होता. ती वाट बघत होती, पण राग येत नव्हता. ती बोटानं तो पांढरा ठिपका चाचपत होती आणि मनात हिशेब लावत होती. एका आळ्यात बारापंधरा खडे निघतातच. पोरगी एकावरही थांबली नाही. बोलत होती, हसत होती, आत अडखळलेलं असतं तर उंबऱ्यातून दिसलं असतं. तिथं मास्तर वाटाणे फेकतात तेव्हा ती सावध असते. इथं घरच्या मातीत ती सावध नव्हती. आणि पाय पुढे गेला. सात वर्षांची असल्यापासून जो पाय कधी गेला नव्हता, तो गेला, आणि तिचं तिलाही कळलं नाही.

दोन महिने भरले त्या दिवशी आई शहरात गेली. पिशवीत ते कौल होतं. तालीम सुरू व्हायची होती. मास्तर खिडकीजवळ एकटेच बसले होते. त्यांनी आईला स्टूल दिलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की माझं मन होत नाही. गेला महिनाभर ती एकदाही थांबलेली नाही. पण वाटाणे टाकले आहेत हे तिला माहीत असतं. दात आवळून न थांबणारी मुलगी एक ना एक दिवस, नेमकी भरल्या सभेत, थांबते. मी तिला परत पाठवायचं ठरवत होतो, वाईट वाटतंय.

आईनं पिशवीतून कौल काढून त्यांच्या हातात दिलं.

मास्तरांनी ते उलटसुलट केलं. आईनं सांगितलं, सुट्टीच्या दिवशी तिनं माझ्यासाठी एक आळं तुडवलं. बारापंधरा खडे असतील, तिनं एकही काढला नाही. दात आवळले नव्हते, मी समोर बसले होते. बोलत होती, हसत होती.

मास्तरांनी त्या पांढऱ्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मग विचारलं, “अशी किती फुटली?”

“भट्टी गेली.”

“आणि हे तुम्ही मला दाखवायला आणलंत?”

“तुम्हाला बघायचं होतं ना थांबणं गेलं का ते,” आई म्हणाली. “तुमच्या खोलीत नसतं दिसलं. आमच्याकडे दिसतं.”

मास्तरांनी पंचानं तोंड पुसलं. राहील ती, म्हणाले. पण आधीच सांगतो, तीन वर्षं मागच्या रांगेत. पुढचं पुढे. आणि गुडघे इथंही जातात.

“कितव्या वर्षी?” आईनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“चाळिशीच्या अलीकडे.”

“माझे अडतिसाव्या वर्षी गेले,” ती म्हणाली. “म्हणजे सारखंच.” मग तिनं कौल परत मागून घेतलं, पिशवीत तळाशी घातलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, “तिला यातलं काही सांगू नका. कळलं तर पुन्हा पायानं शोधायला लागेल.”

मुली आत आल्या. मास्तरांनी टिटवीला काय ते दोन शब्दांत सांगितलं. तिचा आधी विश्वास बसेना. मग ती आईकडे आली, आईचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, “माझ्या आळ्याची कौलं कशी निघाली गं?”

आत्यापुढे एकदा खोटं बोलून झालं होतं, आईला पुन्हा बोलायचं नव्हतं.  “भट्टीतून काढली तेव्हा टणाटण वाजत होती,” ती म्हणाली. “बाबांनी एकेक वाजवून बघितलं.”

टिटवीचा चेहरा उजळला. “मग पुढच्या सुट्टीला येऊन अजून एक तुडवते.”

“आळं आता आत्यानं घेतलंय. ती कुणाला पाय घालू देत नाही.”

“आत्यानं?” टिटवी हसायला लागली. “तिला खडे तरी कळतात का?”

“शिकतेय,” आई म्हणाली. “मी भिंतीपाशी बसते आणि तिला पुन्हा पहिल्यापासून करायला लावते.”

मास्तरांनी काठी आपटली. मुली रांगा धरून उभ्या राहिल्या आणि टिटवी सगळ्यांत मागे, कडेला जाऊन उभी राहिली. एक मुलगी बाजूला सरकून तिला जागा देत होती. ढोल सुरू झाला. पुढच्या दोन रांगांच्या आड पोरगी अर्धीमुर्धीच दिसत होती, कधी खांदा, कधी वर उचललेला हात. गाडीला अजून वेळ होता. आई स्टुलावरून उठली आणि भिंतीला हात लावत, एक एक पाऊल टाकत, मागची रांग जिथून दिसेल तिथपर्यंत सरकत गेली.